पेणहून, चार वाजून दहा मिनिटांनी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. रोह्यात एका कंपनीचं नेटवर्क सांभाळते मी. लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, खोटं बोलत नाही, यावर मात्र पूर्ण विश्वास... आणि घोळ तिथेच झालाय.

माझा दादा पेणला गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायचा. कारखान्यातल्या जुन्या मशीनवर मीच त्याला फाइल सर्व्हर टाकून दिला होता. रोज चहाच्या वेळी, चार-दहाला, त्या दिवशीच्या डोळ्यांचा एक फोटो तो माझ्या घरच्या मशीनवर पाठवायचा. वर फोन – "बघ गो, तुझ्याकडंच बघतायत ना?"

गेल्या वर्षी तो गेला. तेराव्यानंतर माझ्या घरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात, त्याच्यासाठी ठेवलेली परवानगी मी काढून टाकली. वापरात नसलेलं दार उघडं ठेवायचं नाही, ही आमची शिस्त. मोठी शहाणी मी!

यंदा वहिनी स्वतः डोळे आखायला बसली, पण तिचा हात धजेना. "सोनल, ह्यांचा हात कसा फिरायचा ते येकदा बघायचंय गो." त्याचे व्हिडिओ फक्त त्या सर्व्हरवर होते.

सकाळी तिने मशीन चालू केलं. मी इथून लॉगिन केलं, झालं. पण डाउनलोड... तीनदा अडकलं. या जुन्या पद्धतीत आपण फाइल मागितली की ती द्यायला सर्व्हर उलट आपल्या दाराशी येतो, आणि दार तर मीच लावलेलं. खात्री करायला लॉग उघडला.

आताच्या तीन नोंदी होत्याच. त्यांच्या खाली – काल, ४:१०, पेण, अडवलं. परवा, ४:१०. तेरवा, ४:१०. खाली खाली जात राहिले, थेट मी परवानगी काढली त्या दिवसापर्यंत. एका दिवसाचा खाडा नाही.

फोन लावला. "वहिनी, मशीन रोज चालू करायचीस का गं?"

"नाय गो! तेराव्यापासून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलीवती. नेटची वायरबी काढलेली. आजच तर लावली."

दार उघडलं. व्हिडिओ आले, वहिनीने दादाचा हात पाहिला, रडली आणि दुपारी पहिले डोळे आखले. छान जमले.

कोण येत होतं, कसं, मला आजही सांगता येत नाही. परवानगी मी परत काढलेली नाही, शिस्त गेली खड्ड्यात. रोज चार-दहाला चहा घेऊन लॉगसमोर बसते. त्या दिवसापासून पेणहून एकही नोंद नाही.

दादा, उघडं आहे रे आता. ये ना.