पट्ट्याचा कायदा

"आज कायदा का म्हनते जी, भाऊ?"

सकाळी मोटार सुटायच्या आधी तो बुकिंगच्या खिडकीशी यायचा, छातीवरच्या पितळी बिल्ल्यावर तोंडाची वाफ सोडायचा, सदऱ्याच्या टोकानं तो घासायचा आणि हे विचारायचा. जणू कायदा नावाचे एक वयस्कर गृहस्थ माझ्या खोलीत खाटेवर पडलेले आहेत आणि रात्री त्यांना झोप कशी लागली, हे मला ठाऊक असणारच.

मूलच्या एका खासगी मोटार कंपनीत मी तेव्हा बुकिंग क्लार्क होतो. कंपनी म्हणजे एक मालक आणि दोन मोटारी. त्यातली एक कायम पोट उघडं टाकून झाडाखाली उभी. दुसरी साग-बांबूच्या रानातून वैनगंगेच्या काठापर्यंत जायची, आणि गडचिरोलीकडचे उतारू तिथून डोंग्यात बसून नदी ओलांडायचे. तो या चालत्या मोटारीचा कंडक्टर. आधी बरीच वर्षं क्लीनर होता. मोटार सुरू करायला पुढून हँडल मारून मारून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. सदरा घालताना तो हात आधी घालावा लागे. मग कधीतरी त्याला कंडक्टरचा बिल्ला मिळाला. घरी नेला तेव्हा बायकोनं बिल्ल्याला कुंकू लावलं म्हणे.

"बिल्ला सरकारचा हाय भाऊ," तो सांगायचा. "मी नुसता त्याच्या मांगं उभा हाव."

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. कायद्याला भिणारे पुष्कळ असतात. हा कायद्यावर जीव लावून होता. मराठी तो बोट ठेवून वाचायचा, पण मोटारीचे नियम इंग्रजीत. म्हणून त्याचा कायदा माझ्या तोंडातून यायचा. माझं तोंड कसलं आहे, ते आता तुम्हाला कळेलच.

ही गोष्ट मी लोकांना हसवायला सांगत आलो आहे. अर्ध्यापर्यंत. अर्ध्यावर आलो की मला काहीतरी काम आठवतं आणि मी उठतो.

आमचा चांदा जिल्हा त्या सुमारास मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, हे कोणालाच माहीत नव्हतं. हा तर रोज विचारायचा. मॅट्रिक झालेल्या माणसानं "माहीत नाही" कसं म्हणायचं? शिवाय त्या सकाळी रद्दीतलं एक इंग्रजी मासिक माझ्या हाती लागलं होतं. त्यात विमानाच्या आतलं चित्र होतं. सगळे उतारू पोटावर पट्टे बांधून हसत बसले होते.

"मुंबई राज्याचा नवा कायदा आलाय," मी म्हणालो. "प्रत्येक उतारूला पट्टा बांधल्याशिवाय मोटार हलवायची नाही."

"कायचा पट्टा?"

मी चित्र दाखवलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. "साहेब लोकं दिसतेत."

"आज साहेब, उद्या आपण."

तो हसेल, मग मीही हसेन, एवढाच माझा बेत होता. पण तो गंभीरपणे मान हलवून निघून गेला. लक्षात घ्या, मोटारीत पट्टा बांधायचा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो यायला अजून कित्येक वर्षं जायची होती. मी तो मूलच्या खिडकीत बसून, कानात काडी घालता घालता करून टाकला.

दुसऱ्या दिवशी मोटारीत पाहतो तर जवळजवळ प्रत्येक बाकड्यावरून पांढऱ्या निवारीची पट्टी गेलेली. एक टोक खिडकीच्या गजाला पक्कं शिवलेलं, दुसरं टोक पलीकडे गाठ मारायला मोकळं. मागच्या दोन बाकड्यांना निवार पुरली नव्हती, तिथं सुतळीचे दोर आणि त्यावर फडकी गुंडाळलेली, कोणाला काचू नये म्हणून.

"एवढी निवार कुठून आणली?"

"घरच्या बाजेची."

"मग झोपला कशावर?"

"जमीन हाय ना जी!"

सांगायची वेळ हीच होती. मी सांगितलं नाही. कारण इतकंच की पुढची गंमत मला पाहायची होती.

आणि गंमत झाली, ते खोटं कशाला सांगू! एका बाकड्यावरचे सगळे एकाच पट्टीत. त्यामुळे आतल्या माणसाला वाटेत उतरायचं म्हणजे अख्खं बाकडं सोडायचं. एक नवी नवरी आपल्याला बांधताहेत हे पाहून इतकी रडली की तिच्या भावानं आधी स्वतःला बांधून दाखवलं. एक म्हातारा तर भांडायलाच उठला.

"मले काऊन बांधून राह्यला बे? मी का ढोर हाव?"

"ढोरायले कायदा नाई, बाबाजी," यानं नम्रपणे गाठ मारत सांगितलं. "मानसायले हाय."

म्हातारा विचारात पडला. माणसांत गणना झाल्याचा त्याला आनंदही झाला असावा. तो गप्प बसला आणि पुढच्या बाजाराला स्वतःचा शेला घेऊन आला.

मी मात्र बांधून घेत नव्हतो. नदीकाठच्या चौकीवर मला कधीमधी कामानं जावं लागे. त्यानं पट्टी पुढे केली तेव्हा "कंपनीच्या नोकरांना सूट आहे" असा पोटनियम मी जागच्या जागी काढला. तोही त्यानं मानला. एकदा असाच मी बोनेटजवळ उलटा, लोकांकडे तोंड करून बसलो होतो, आणि विमानातले लोक कसे बांधून घेतात ते रंगवून सांगत होतो. तेवढ्यात रानातून एका सांबरानं रस्त्यावर उडी मारली. ड्रायव्हरनं ब्रेकवर उभं राहून मोटार थांबवली. मोटारीच्या वरचं सामान खाली आलं, ड्रायव्हरचा पानाचा डबा काचेवर आपटला, नि मला भिरकावलं ते थेट पुढच्या दारापाशी, सुक्या मासळीच्या टोपल्यात. टोपल्याची मालकीण बांधलेली होती, टोपलं आणि मी मोकळे.

बाकी अख्खी मोटार शेतात वाऱ्यानं धान हलावं तशी पुढं झुकली आणि परत सरळ झाली. कोणाला ओरखडा नाही.

"कायदा पाळत नाई, मंग पडनच ना!" मासळीवाली मला म्हणाली. "ऊठ ना बापा, माही मासोळी पिसली!"

तो धावत आला, मला उठवलं, माझ्या केसांतले झिंगे काढू लागला. त्याचे डोळे ओले होते. मला वाटलं, माझ्या काळजीनं. तसं नव्हतं.

"पाह्यलं का भाऊ? कोनीच नाई पडलं. का कायदा केला जी सरकारनं!"

आता तर सांगायची सोयच उरली नाही. खोटं उपयोगी पडू लागलं की सांगणाऱ्याला ते पुण्य वाटायला लागतं. मी मनाशी ठरवून टाकलं की आपण लोककल्याण केलं. पुढे मोटारीत बसलो की मीही बांधून घ्यायचो, आणि सूट रद्द झाल्याचं मी त्याला सांगितलं होतं.

मग ठेकेदार शेठ आले. जंगलाचे ठेके घेणारे, आमच्या मालकाचे जानी दोस्त. पुढच्या गादीवर बसले. हा निवार घेऊन गेला. शेठनी ती हातानं झिडकारली.

"हटाव. मले बांधशील?"

"कायदा हाय, शेठ."

"मोटार सोड."

"बांधल्याबिगर शिट्टी नाई मारत मी."

तो शिट्टी मारेना, शिट्टीशिवाय ड्रायव्हर मोटार हलवेना. मागून बायका ओरडू लागल्या, "बांधा ना शेठ! आमी नाई बांधलो? पोट का तुमालेच हाय?" सगळी मोटार हसली. त्या हसण्यानं घात केला. शेठ उतरले, आणि मालकाच्या घराकडे चालू लागले.

मालक ऑफिसात आले ते चप्पल न घालताच, आणि त्याला आत बोलावलं. "कुठला कायदा? कोनं सांगतला?"

यानं माझ्याकडे बोट केलं नाही. नुसता माझ्याकडे वळला, खिडकीशी वळायचा तसा, आणि वाट पाहत राहिला. त्याला खात्री होती की आता मी बोलेन आणि मालक गप्प होतील.

आणि मी बोललो. माझ्या हातून एवढं तरी झालं. "मालक, असा कायदा नाही. मी गंमत केली होती."

मालकांना हसू फुटलं. पोट धरून हसले. "गंमत! अन् हा बेवकूफ महिनोन्‌महिने मानसं बांधून राह्यला!" मला त्यांनी काही म्हटलं नाही. शिकलेल्या माणसाची गंमत होती ती. त्याला म्हणाले, "जाय, शेठले सांग, मी खोटं बोललो, माफ करा. मंग ये कामावर."

"मी खोटं नाई बोललो," तो म्हणाला.

हे अगदी खरं होतं. खोटं मी बोललो होतो. मी घाईनं फळीवरचं नियमांचं पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. "पाहा, यात कुठेच नाही!"

"इंग्रजी हाय. तुमीच वाचनार, भाऊ. ज्या तोंडानं हाय म्हनलं, त्याच तोंडानं नाई म्हनता. मी कोनतं तोंड धरू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मालक बाहेर गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी समजलो. तुमाले नोकरी हाय. मालकाचं भेव लागते मानसाले. पन मनाले लावून घेऊ नका. असा कायदा कोनी गमतीत सांगते का? अन् खोटा कायदा असा काम करते का? सांबर आलं तवा पाह्यलं ना आपन?"

म्हणजे पाहा. मी खरं बोललो, त्याबद्दल त्यानं मला माफ केलं. जे केलं होतं त्याची माफी मागायची जागाच त्यानं ठेवली नाही.

शेठकडे तो गेला नाही. निवारी सोडून गुंडाळून घेतल्या आणि घरी गेला. पुढे कळलं, नवरा-बायको दोघं वडशाला तांदळाच्या गिरणीत कामाला लागली.

नवा कंडक्टर मिळाला. पण बाजाराच्या दिवशी लोक मोटारीत बसले की पट्टी शोधायचे, आणि मिळाली नाही की त्या पोराला शिव्या द्यायचे. काही उतारू तर पुन्हा बैलगाडीनं जाऊ लागले. शेवटी मालकच मला म्हणाले, "तुझ्या गमतीनं माहा मानूस गेला. जाऊन आन त्याले. माफीगिफी नाई मांगत म्हन. फक्त मानसं बांधू नको म्हनावं."

मी वडशाला गेलो. गिरणीच्या मागं चाळीची एक खोली होती. तो पोतं घेऊन जाताना दिसला. पोतं डाव्या खांद्यावर होतं आणि उजवा हात नुसता लोंबत होता. मला पाहिल्यावर पोतं टाकून धावत आला. आजूबाजूच्या हमालांना बोलावून म्हणाला, "हेच ते! याइनं मले कायदा शिकवला!" हमालांनी मला हात जोडले. मीही जोडले.

खोलीत त्याच्या बायकोनं चहा केला. गिरणीतल्या तांदळाच्या कोंड्यानं तिचे केस पांढरे झाले होते. कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तुमीच सांगा यायले. तो खांदा पोते उचलाचा हाय का? मालक बोलावते तं जाव ना! दुसऱ्या कोनाचं आयकत नाई हे. तुमचं आयकतीन."

तो माझ्याकडे पाहत होता. खरं सांगून पाहिलं होतं. ते त्याला पटत नव्हतं. वाटेत गाडीत मी त्यावर उपाय शोधून ठेवला होता आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. खोट्याला खोटंच औषध.

"कायदा रद्द झाला," मी म्हणालो. "पट्ट्याचा. सरकारनं मागे घेतला."

त्यानं क्षणभरही शंका घेतली नाही. चेहरा मात्र उतरला.

"काऊन जी? चांगला होता."

"लोकांच्या तक्रारी झाल्या. आता बांधायची गरज नाही. तुम्ही चला, बिल्ला लावा, शिट्टी मारा. कोणी काही म्हणणार नाही."

बायको पदरानं तोंड पुसत हसली. "सामान बांधा लागन," असं म्हणून उठलीसुद्धा.

"बस," तो तिला म्हणाला. मग मला म्हणाला, "मंग तं नाई येत, भाऊ."

"का?"

"कायदा होता तवा लोक बांधून घेत होते. आता कोन बांधून घेईन? अन् मी त्यायले तसंच बसवू? त्या वळनावर मोकळेच? कोनी पडलं तं मी का पाहात राहू? पोते बरे. पोतं पडलं तं रडत नाई."

मला खूप काही सांगायचं होतं. रद्द झाला नाही असं सांगितलं असतं, तर मुळात होता असं झालं असतं. नव्हताच असं सांगितलं, तर मालकानं पुन्हा दबावलं असं झालं असतं. माझ्या तोंडाला आता कुठलंच वाक्य उरलं नव्हतं.

गिरणीचा भोंगा झाला. तो उठला, डाव्या हातानं माझा हात धरून दाबला, "चहा घ्या, आरामात जा," म्हणाला आणि कामावर गेला. त्यानंतर तो मला दिसला नाही. पुढच्या हंगामात गिरणीत विचारलं तर म्हणाले, कुठं गेलं कोणास ठाऊक ते जोडपं.

त्या दिवशी तो कामावर गेल्यावर खोलीत ती आणि मी दोघंच उरलो. ती माझ्याकडे पाहत होती. त्याच्यासारखी नाही, तिला बहुतेक सगळं समजलं होतं. माझा कप अर्धा भरलेलाच होता. तिनं तो माझ्यापुढून उचलला, दारात गेली आणि उरलेला चहा अंगणात ओतून दिला.