कोकिळाबाईंच्या गुडघ्यांसाठी चोपन्न हजार लिटर

नंदुरबारजवळच्या कोरीटच्या गोकुळआप्पांनी एकतीस वर्षं नळयोजनेच्या पंपावर नोकरी केली. म्हणजे सकाळी बटण दाबायचं, वॉल्व्ह फिरवायचा, टाकी भरली की बटण बंद करायचं. पण हे असं सांगितलेलं आप्पांना अजिबात खपत नसे. त्यांच्या मते त्यांनी एकतीस वर्षं पाणी चालवलं होतं. नदी, पाऊस, वीजमंडळ वगैरे मंडळी मदतीला होती, एवढंच. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरी नळ ठिबकला तर आप्पा न बोलावता जात, अर्धा तास बोलत आणि नळ तसाच ठिबकता ठेवून परत येत.

त्यांच्या बायकोचे, कोकिळाबाईंचे, गुडघे मात्र या काळात कामातून गेले. खाली बसणं बंद झालं. ज्वारीचे पापडासारखे बिबडे करायला गल्लीतल्या बायका ओसरीवर मांडी घालून बसत आणि कोकिळाबाई त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांना त्याची फार लाज वाटे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सख्खी बहीण राहायची, शोभाबाई. तिच्याकडे त्या दिवाळीनंतर गेल्याच नव्हत्या. शेवटी सुरतेला दिलेल्या लेकीने, जागृतीने, दोघांना तिकडे नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन सध्या थांबवू. छातीइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालायचं, तीन महिने. पाण्यात अंगाचं वजन गुडघ्यावर येत नाही. फरक पडला नाही तर मग कापाकापी.

ऑपरेशन हा शब्द ऐकून कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जागृतीच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव होता. ती लगेच म्हणाली, "मम्मी, तू आठेच ऱ्हाय तीन महिना."

"तीन महिना?" आप्पा ताडकन म्हणाले. "आनी तिकडे भाकर कोन करी?"

प्रश्न बिनतोड होता. आप्पांना चहासुद्धा करता येत नव्हता आणि आता साठीनंतर शिकणं त्यांच्या तब्येतीला झेपलं नसतं. परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. नवापूर गेल्यावर त्यांनी जाहीर केलं की स्विमिंग पूल आपण घरामागेच बांधू. बायकोला तीन महिने लेकीकडे ठेवण्यापेक्षा घरामागे तलाव खोदणं सोपं, असा हिशेब करणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच असावा आणि तो कोकिळाबाईंच्या वाट्याला आला होता.

आता तलाव म्हटल्यावर ठेकेदार आला. जागृतीने सुरतेचा एक शोधलाही. त्याने फोनवर नकाशा पाठवला. आप्पांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला, लहान करून बघितला आणि म्हणाले, "याले पानीनं काय कळस?" पुढचे चार दिवस त्यांनी मोबाइलवर तलाव बांधण्याचे व्हिडिओ बघितले. त्यातले दोन इंग्रजीत आणि एक चिनी भाषेत होता, पण आप्पांना सगळे सारखेच समजले. पाचव्या दिवशी त्यांनी परसातला शेवगा तोडला, चुन्याची फक्की मारून वीस बाय बाराचा चौकोन आखला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: "मालक, इंजिनिअर व सुपरवायझर – गोकुळ आप्पा."

खोदायला धडगावकडचं एक जोडपं आलं, वाहरू आणि तुळशीबाई. दरसाल ते ऊसतोडीला गुजरातेत जात, यंदा खाली सपाटीवरच काम बघत होते. बांधकामाला नंदुरबारहून शौकत मिस्त्री यायचे. टाक्या आणि फरशीच्या कामात त्यांच्या घराण्याचे हात तीन पिढ्या बसलेले. म्हणजे आपलं काम ज्याला कळतं, असं एकच माणूस त्या परसात होतं आणि आप्पांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आपण सांगू तेवढंच करायचं.

"आप्पा, कितलं खोल?" मिस्त्रींनी विचारलं.

"आठ फूट."

मिस्त्रींनी फूटपट्टीने कान खाजवला. "पूलले एक बाजू उथळ ठेवनी पडी, आप्पा. तिकडून पायऱ्या. माणूस उतरी तं पाहिजे."

"पायऱ्या पानीनी जागा खातस," आप्पा म्हणाले. "वीस गुणिले बारा गुणिले आठ. चोपन्न हजार लिटर बसस. पायऱ्या करं तं सात-आठ हजार गयात. माले शिकाडू नका मिस्त्री, एकतीस वरीस पानीमा काढात मी."

ते खरंच होतं. एकतीस वर्षांत आप्पांनी पाण्याबद्दल एकच गोष्ट विचारली होती, ती म्हणजे किती मावतं. ज्या गल्लीत दोन दिवसांनी नळ येतो तिथे दुसरं काही विचारायची कुणाला सवय नसते. त्यामुळे बघायला येणारे गावकरीही तेवढंच विचारत. चोपन्न हजार ऐकलं की ते तोंडात बोटं घालत आणि आप्पांची छाती दोन इंच फुगे. विसरवाडीच्या हायवेवर एका हॉटेलमागे तलाव आहे असं कळल्यावर आप्पा मुद्दाम बसने जाऊन तो बघून आले. "कमरेइतलं पानी," त्यांनी परत येऊन तुच्छतेने सांगितलं. "लोकेसले फसाडतस."

त्या कमरेइतक्या पाण्यात माणसं उभी होती, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ते वहीत लिहिण्यासारखं वाटलं नाही.

आप्पांनी सगळ्यांचा सल्ला घेतला. म्हणजे सगळ्यांना बोलावून स्वतःचा सल्ला ऐकवला. सरपंचांचे मेव्हणे येऊन गेले, दुधवाला येऊन गेला, शाळेचे गुरुजी येऊन गेले. प्रत्येकाला चहा व्हायचा. मजुरांना दिवसातून तीनदा वेगळा. हा सगळा चहा कोकिळाबाई करत आणि मागच्या दाराने ट्रे घेऊन खड्ड्यापर्यंत नेत. जाताना भिंतीला धरायच्या, येताना कुडाच्या खांबाला. अशा रीतीने ज्या गुडघ्यांसाठी काम काढलं होतं ते गुडघे कामाच्या खाती दीड महिना राबले. संध्याकाळी त्या पायांना तेल लावत बसल्या की आप्पा मायेने म्हणत, "थोडा दिन कळ काढ. तुन्हासाठीच चालू शे ना."

एकदा चहा देता देता कोकिळाबाईंनी खड्ड्यात वाकून बघितलं. आत वाहरूचं डोकंसुद्धा वर दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आहो, मन्ही उंची चार फूट दहा इंच शे."

"तू मधमा बोलू नको," आप्पा म्हणाले. "हिशोब चुकस."

तुळशीबाई खालून हे ऐकत होती. ती नर्मदेकाठी वाढलेली, लहानपणी नदी पोहून पलीकडच्या तीरावर जायची. तिने घमेलं वर दिलं आणि सरळ विचारलं, "आप्पा, बाई यात उतरंल कशी? मुंडी बुडंल ना."

आप्पा हसले. डोंगरातल्या बाईला काय समजावणार! त्यांनी तिला लिटरचा हिशेब सांगितला. तुळशीबाईने तो शांतपणे ऐकून घेतला, कोकिळाबाईंकडे बघितलं आणि पुन्हा कुदळ उचलली. कोकिळाबाईंनी रिकामे कप गोळा केले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की आप्पांना सांगून कळत नाही, आपटून कळतं. आणि तेही नेहमीच नाही.

काम मात्र अव्वल झालं, हे मान्य करायला हवं. शौकत मिस्त्रींनी मनात काय होतं ते मनात ठेवलं आणि हातात होतं ते भिंतीत ओतलं. निळ्या फरशा लागल्या. पाणी शुद्ध करायचं यंत्र आप्पांनी रद्द केलं आणि तुरटी, ब्लीचिंग पावडर आणली. त्या जोरावर त्यांनी अख्ख्या गावाला पाणी पाजलं होतं. तलाव भरला. आठ दिवस आप्पांनी रोज सकाळी पट्टी लावून पातळी मोजली. एक थेंब हलला नाही. आप्पांना त्या आठ दिवसांत जो आनंद झाला तो त्यांना जागृतीच्या लग्नातही झाला नव्हता.

मग उद्घाटन ठेवलं. नारळ, पेढे, गल्लीतली माणसं, पाहुण्यांसाठी मांडवाच्या खुर्च्या. शोभाबाई आल्या. मिस्त्री आले. वाहरू-तुळशीबाईंनाही आप्पांनी मोठ्या मनाने बोलावलं होतं. कोकिळाबाई जागृतीने पाठवलेला पंजाबी ड्रेस घालून, ओढणी सावरत, बहिणीच्या हाताला धरून काठापर्यंत आल्या. आप्पांनी नारळ फोडला आणि टाळ्यांची वाट बघत म्हणाले, "हां, उतर."

काठावरून एक लोखंडी शिडी सरळ खाली गेली होती, विहिरीत असते तशी. कोकिळाबाईंनी शिडीकडे बघितलं. निळ्याशार पाण्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "मन्हा पाय कोठे टेकतीन?"

शौकत मिस्त्री एकदम आभाळाकडे बघू लागले, जणू तिथे प्लास्टर उडालं होतं. गुरुजींनी पेढा तोंडात टाकला. आप्पांनी पाण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. एवढा मोठा हिशेब, तीन वेळा तपासलेला, आणि त्यात हे माणूस कुठेच नव्हतं. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "धरीसन ऱ्हाय ना शिडीले."

कोकिळाबाई वळल्या आणि भिंत धरत धरत घरात गेल्या. पाहुण्यांनी पेढे संपवले.

आता चूक कबूल करणं हा एक साधा उपाय होता. तळाला भर घाला, पायऱ्या बांधा, असं मिस्त्री हात जोडून सांगत होते. पण आप्पांकडे त्याहून अवघड उपाय तयार होता. त्यांनी अर्धं पाणी काढलं. सत्तावीस हजार लिटर शेजारच्या वांग्यांत गेलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग काठावर तीन पायांची लोखंडी घोडी उभी केली, तिला विहिरीत मोटार सोडायची चेन-पुली अडकवली आणि साखळीला प्लास्टिकची खुर्ची बांधली. चाचणी म्हणून गव्हाचं पोतं बसवलं. पोतं सुखरूप खाली गेलं आणि भिजून सुखरूप वर आलं.

"देख!" आप्पा ओरडले. "शंभर किलोनी मोटार सोडेल शे मी यावर. तुन्हं काय वजन!"

कोकिळाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात प्रवासाची पिशवी होती.

"मी काय मोटार शे का?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सगळा गावले इचारं तुम्ही. दूधवालाले इचारं. माले इचारं का एक दिन? मन्हा गुडघा, मन्हं दुखणं, आनी माले म्हणे मधमा बोलू नको. मी सुरतले जास. जागृतीले फोन करेल शे."

आप्पांनी पुलीची साखळी सोडून दिली. पंपाच्या खोलीत वीज गेली की एक भयंकर शांतता पसरते, ती त्यांना आठवली. बायको घाबरेल, रडेल, रुसेल, हे सगळं त्यांनी गृहीत धरलं होतं. ती जाईल हे धरलं नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणूनच तर आपण हे सगळं केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं; तरी ते आपण नक्की कुणासाठी केलं याची त्यांना पहिल्यांदाच शंका आली. ती शंका त्यांच्या चांगलीच जिव्हारी लागली.

रिक्षा दाराशी आली. शोभाबाई सोबत जाणार होत्या, त्या आधीच रिक्षात जाऊन बसल्या. आप्पा पिशवी घेऊन मागोमाग आले. पिशवी ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं आणि वर्षानुवर्षं फक्त सांगायची सवय असलेल्या माणसाला ते जमेना. शेवटी ते खाली बघत म्हणाले, "मिस्त्री तळ वर उचलतीन. पायऱ्याबी करतीन." मग थांबून, फार कष्टाने, म्हणाले, "पायरी कितली उंच ठेवू?"

कोकिळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रिक्षाच्या दांडीला धरून त्यांनी उजवा पाय उचलायला सुरुवात केली. पाय हळूहळू वर आला आणि रिक्षाच्या पायरीपर्यंत पोचायच्या बराच आधी अधांतरी थांबला.

"इतली," त्या म्हणाल्या. "याना वर दुखस."

आप्पांनी खिशातून टेप काढला आणि भर गल्लीत, शेजारीपाजारी बघत असताना, गुडघे टेकून बायकोच्या पायाखाली मोजमाप घेतलं. चार इंच भरले. रिक्षाची पायरी त्याच्या तिप्पट उंच होती. मग टेप बाजूला ठेवून त्यांनी आपला हात तिच्या पावलाखाली धरला, आणि रिक्षावाल्याने दुसरीकडून आधार दिल्यावर दोघांनी मिळून तिला वर चढवलं.