काकूंची रेघ

आमच्या वॉर्डात त्यांना सगळे स्केलकाका म्हणायचे, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. एका कागदावर दोन रेघा आणि दोघींचं माप वेगळं! पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस. पेपरात आलेख दिसला की चष्मा पुसून आधी कडेचे आकडे पाहायचे आणि बहुतेक वेळा पेपर आपटायचे.

एकदा शेजारच्या दोन बाया पोरांच्या मार्कांवरून भांडत होत्या. एकाचं बोर्ड राज्याचं, भोपाळचं, दुसऱ्याचं केंद्राचं, दिल्लीचं. काका फाटकातूनच ओरडले, "दोघांचं माप अलग अलग हाय न वं! एका कागदावर काहून मांडता?" भांडण मिटलं नाहीच, उलट दोघी मिळून काकांवर तुटून पडल्या.

निवृत्तीनंतर त्यांना शेअरच्या चार्टचा नाद लागला. मी कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान चालवायची, संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला जायची. पहिल्याच आठवड्यात मी आरएसआय आणि स्टोकॅस्टिक असे भावाचा जोर दाखवणारे दोन इंडिकेटर एकाच चौकटीत टाकले. एका रेघेने दुसरीला कापलेलं दिसताच मी ओरडले, "काका, क्रॉस झाला! शेअर घेऊ का?" त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला. एका रेघेचं स्केल चाळीस ते साठ होतं, दुसरीचं शून्य ते शंभर. त्यांनी दोन्हीकडे शून्य ते शंभर केलं आणि माझा क्रॉस गायब झाला.

"पाह्यलं? थ्या भेटल्याच नाही. कम्प्युटरनं भेटवल्या. पहिले माप सारखं कर पोरी, मंग रेघेचं आयक."

हे त्यांनी माझ्याकडून इतकं घोटवून घेतलं, की चार्ट उघडला की माझा हात आपोआप स्केलवर जायचा.

मग काकू आजारी पडल्या. अंगात रक्तच बनेना. दर पंधरा दिवसांनी गोंदियाला तपासणी, आणि जेवणाचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या. काकांनी त्यांच्यासाठी एक चार्ट बनवला. लाल रेघ काकूंच्या हिमोग्लोबिनची, हिरवी रेघ धडधाकट बाईची, म्हणजे बाराची. काकू ताट मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायच्या. "अजी, किती राह्यलं?" "दोन बोटं. तू खाय." आणि खरंच, त्या चार घास खायच्या. रेघा भेटल्या की कटंगीला बहिणीकडे जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी मी गेले तेव्हा काका आत चहा करत होते. काकूंनी मोठ्या कौतुकाने मला चार्ट दाखवला. "पाय वं, आता भेटतेतच!" मी कडेचे आकडे पाहिले. लाल रेघेचं स्केल सात ते आठ, हिरवीचं शून्य ते तेरा. आता माझी अक्कल पाहा! मनात एवढंच आलं, की साक्षात काकांची चूक आपण पकडली. "काका, स्केल चुकलं तुमचं!" मी आत हाक मारली आणि दोन्हीकडे शून्य ते पंधरा केलं. लाल रेघ हिरवीपासून पार खाली उतरली आणि आडवी झाली. सहा महिन्यांत ती जागची हललीच नव्हती.

काका कप घेऊन दारात उभे होते. काकूंनी ताट बाजूला सरकवलं. "बंद कर वं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "डोये दुखून राह्यले."

नंतर त्यांनी किती राहिलं म्हणून कधी विचारलं नाही. खाणं तुटलं. दोन महिन्यांत त्या गेल्या. कटंगीची बहीण आली ती मातीलाच. रोगच तसा होता, असं डॉक्टर म्हणाले. मीही स्वतःला शंभरदा तेच सांगितलं, पण मेलं मन ऐकत नाही.

पंधरा दिवसांनी हिंमत करून गेले आणि त्यांच्या पायाशी बसून रडले. "काका, मी हात नसता लावला तं..."

"तुनं बराबरच केलं, पोरी," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "जिंदगीभर सरकारचे नकाशे काढले, एकदाही माप खोटं नाही केलं. तिच्यासाठी एकडाव केलं, तं तेही पुरलं नाही."