घोंगलफोड्यांची चिंच

अड्याळच्या अलीकडे आमचं गाव, गावाला तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, गोदावरीबाईंचं घर. घरामागे एक जुनी चिंच होती. मृग लागला की तिच्यावर पक्षी उतरायचे. बगळे, थोडे पाणकावळे, आणि सगळ्यांत जास्त घोंगलफोडे. घोंगल म्हणजे तलावातली मोठी गोगलगाय. ती फोडून खाणारा हा उंच, मळकट पांढरा पक्षी. चोच मिटली तरी तिच्या मध्ये फट राहते, जणू काही बोलायचं राहून गेलंय.

सगळा पावसाळा चिंचेवर घरटी असायची. खाली पांढरी विष्ठा, पिसं, फुटके शंख, पिल्लाच्या तोंडातून निसटलेला एखादा खेकड्याचा पाय. गोदावरीबाई रोज सकाळी खराट्याने ते सगळं एका बाजूला ओढायच्या. शेजारच्या मंदाबाई नाकाला पदर लावून पाण्याला जायच्या.

"पाहुणे बहुत झाले वो तुमच्या घरी!"

"पाहुणे कायचे? जावई हायेत जावई. खातेत आपल्या मनानं, अन् घाण माह्या दारात."

बाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लाखांदूरकडे गेलेली. मागे उरली होती धानाची एक बांधी, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं छोटं वावर. बैल नव्हते, त्यामुळे शेणखत नव्हतं. विष्ठा मिसळून चिंचेखाली साचलेली माती बाई दर उन्हाळ्यात टोपलीने बांधीत नेऊन टाकायच्या. तेवढंच खत. तेवढ्यावर त्यांचं वर्षाचं धान निघायचं.

एक्याऐंशी साली गावच्या मच्छी सोसायटीने तलावात माशांचं बीज सोडायचं ठरवलं. बाईंचा धाकटा दीर तेजराम सोसायटीत होता. मृगाच्या तोंडावर तो येऊन ओसरीवर बसला.

"वैनी, हे पाखरं आपलं सारं बीज खाऊन टाकतीन. यंदा घरटे बांधू देऊ नोका."

बाईंना ते पटलं. पाणकावळ्यांना मासे गिळताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि वासाचाही कंटाळा आला होताच. त्यांनी तेलाचा रिकामा पिपा घेतला आणि पक्षी काड्या घेऊन आले की काठीने तो बडवायला सुरुवात केली. पक्षी उठायचे, तलावावर एक फेरी मारून परत यायचे. पुन्हा पिपा. काही दिवसांनी ते आलेच नाहीत. चिंच रिकामी, अंगण स्वच्छ. बाईंनी दोरीवर लुगडं निर्धास्त वाळत घातलं.

धानाची रोवणी झाली आणि आठवड्याभरात बांधीतली रोपं बुडाशी कातरलेली दिसू लागली. धुऱ्यांना खेकड्यांनी बिळं पाडली होती. संध्याकाळी भरलेली बांधी सकाळी कोरडी, पाणी खालच्या बांधीत. बाई बिळात चिखल कोंबायच्या, दुसऱ्या दिवशी पाणी भलतीकडून वाट काढायचं. पाळीखालच्या सगळ्यांचीच ही गत होती. तेजरामच्या दोन बांध्या तर रोवणीनंतर पुन्हा रोवाव्या लागल्या.

पक्षी गेले म्हणूनच हे झालं, असं कुणी छातीठोकपणे म्हटलं नाही. पण उन्हाळ्यात तलावातून मासे निघाले ते नेहमीइतकेच. बाईंच्या ढोलीतलं धान होळीलाच तळाशी गेलं. आणि बांधीत माती टाकायला त्या टोपली घेऊन चिंचेखाली गेल्या, तेव्हा तिथे नुसता पाला होता.

घनश्याम गुरुजी गावच्या शाळेत शिकवायचे. बाईंनी त्यांना रस्त्यातच गाठलं.

"गुरुजी, पाखरं म्या हाकलले. खेकडे त्याच्यानंच वाढले का?"

"नक्की नाही सांगता यायचं, बाई." गुरुजी थांबले. "तुम्ही दुष्काळी कामावर या पाळीवर माती टाकली ना? रांगेत उभं राहून घमेलं हातोहात द्यायचे, तसं."

"त मंग! हात सोलून निघाले होते."

"घमेलं शेवटच्या हातात पोचेपर्यंत काय व्हायचं?"

"सांडे ना. अर्धंच राहे."

"सगळे जगतात ते उन्हाच्या बळावर, अन् त्या उन्हाचं तसंच आहे. ते आधी शेवाळाच्या, गवताच्या हाती पडतं. तिथून घोंगल, खेकडा, मग पक्षी. जो तो आपल्या जगण्यात, हलण्या-फिरण्यात बहुतेक सांडून टाकतो, पुढच्याच्या हाती थोडंच येतं. म्हणून शेवाळ तलावभर, घोंगल टोपलीभर, अन् पक्षी एका चिंचेपुरते. रांगही एकच नाही. बेडकाची, मासोळीची, सापाची, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या."

बाईंनी पाळीकडे हात केला. "म्हंजे म्या रांगेतला शेवटला माणूस उठवून देल्ला. घमेले मधीच साचले."

गुरुजी हसले. "तसं समजा."

"अन् झाडाखालची माती?"

"ऊन परत येत नाही, ते रोज नवं लागतं. माती मात्र फिरून येते. येतच होती ना तुमच्या बांधीत?"

पुढच्या मृगाआधी बाईंनी तेजरामला बोलावलं. "यंदा मी पिपा वाजवत नाही. दुसऱ्या कोणी वाजवला त त्याच्या दारात जाऊन वाजवीन."

तेजरामने डोकं खाजवलं. त्याच्या बांध्या त्याला आठवत असाव्यात. "मी कायले वाजवू? पण आले त पाहिजेत ना, वैनी."

तीच भीती होती. मृग लागला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले, हिरवे होऊन वाऱ्यावर हलू लागले. तलावावर पांढरे पंख दिसायचे, चिंचेकडे कुणी वळायचं नाही. बाईंनी लुगडं वाळवायची दोरी सोडून ठेवली. अंगणात पाय न वाजवता चालू लागल्या. आणखी एक वर्ष खत नसलं, धुरे असेच फुटत राहिले, तर बांधी पडीक टाकून मुलीच्या दारी जावं लागलं असतं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. मंदाबाईंवर मात्र ओरडल्या.

"भांडे हळू घासा वो!"

"काहून? जावई रुसले का?"



आर्द्रा नक्षत्र लागल्यावर एका सकाळी त्या खराटा घेऊन मागे गेल्या. झाडण्यासारखं काही नव्हतंच, हाताला सवय होती म्हणून. झाडलेल्या जागेवर एक ओली काडी येऊन पडली. मग दुसरी. त्यांनी वर पाहायचं टाळलं. खांद्यावर काहीतरी कोमट पडलं, तेव्हा पाहिलं. फांदीवर एक घोंगलफोड्या काडी बसवत होता, पुन्हा पुन्हा काढून, हट्टाने. त्याच्या पलीकडे दुसरा, आणि तलावाकडून आणखी येत होते.

बाई पाळीच्या दगडावर बसल्या. लुगड्यावरचा पांढरा डाग त्यांनी पुसला नाही.

मंदाबाई घागर घेऊन आल्या, वर बघून थबकल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून घागर अलगद खाली ठेवू लागल्या.

"राहू द्या," गोदावरीबाई हसत म्हणाल्या. "आता घासा भांडे. किती वाजवाचे तितके वाजवा. ह्यायले कायचा फरक पडते?"