सोमवारची धाप

"तोंड उघड. मोठं उघड."

गिरणीच्या दवाखान्यात, अख्ख्या रांगेसमोर, डॉक्टर मला सांगत होता. स्वतः टेबलापलीकडे, नाकाला रुमाल. नळी गळ्यात लटकत होती, पण माझ्या छातीला ती कधी शिवली नाही. त्याने कंपाउंडरला पुढे केलं. "हुंगून बघ, किती लावून आलाय." कंपाउंडरने माझ्या तोंडाशी नाक आणलं. रांग हसली. मला श्वास मिळत नव्हता आणि मी जबडा फाकून उभा होतो. बाजारात बैलाचे दात बघतात तसा.

कंपाउंडर म्हणाला, वास नाही. डॉक्टर म्हणाला, हे लोक रविवारी ढोसतात आणि सोमवारी धापा टाकत येतात, जातच तशी. दारूबंदीचे दिवस होते. त्याने कागदावर दारू लिहिली असती तर नोकरी गेली असती, वर पोलीस चौकी. मी जन्मात थेंब घेतला नव्हता. तरी गप्प बसलो. भ्यालो म्हणून गप्प बसलो. त्याची लाज आजही वाटते.

मी कापूस पिंजायच्या खात्यात होतो. गासडी फुटली की दोन हातांवरचा माणूस दिसेनासा व्हायचा. सुटताना आम्ही गुळाचा खडा चघळायचो. गुळाबरोबर घशातली धूळ पोटात उतरते, अशी सगळ्यांची समजूत. साळखात्यात, जिथे कापड विणतात, तिथे एवढी धूळ नव्हती. पण तिथे धोट्यातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? म्हणून आम्हाला तिथे मज्जाव. पुढे आम्ही देव सोडले, बुद्धाला शरण गेलो. धोट्याचा विटाळ काही सुटला नाही.

घर परळला, चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर. जिना एका दमात जमायचा नाही. प्रत्येक माळ्यावर कठडा धरून थांबायचो आणि कुणी आलं की खाली कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवायचो. आडवं झालं की छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचो. बायको मिरचीची फोडणी बाहेर गॅलरीत शेगडी नेऊन द्यायची. पोरगी 'उचल' म्हणत हात वर करायची आणि मी तिला खोटंच रागवायचो. हसायचीही भीती वाटायची. हसलो की खोकला, खोकलो की श्वास अडकला. पुढचा श्वास येईल की नाही, हे एकच डोक्यात.

सोमवारी सगळ्यात जास्त. म्हणून मी रविवारला दोष दिला. सुट्टीत अंग सैल पडतं, तेच बाधतं, असं मनाने घेतलं. आधी रविवारची सुकट सोडली. मग डोक्यावरून अंघोळ सोडली. शेवटी मुकादमाच्या हातापाया पडून रविवारीही खातं झाडायचं काम मागून घेतलं. सोमवारी जरा बरं वाटलं. मी खूश. इतका मूर्ख मी, की दम लागू नये म्हणून सातही दिवस धूळ खात होतो.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. मोर्च्यात मी गेलो होतो, पण घोषणा माझ्याने पुरी होत नव्हती. 'संयुक्त' म्हणेपर्यंत दम संपायचा, पुढचं शेजारचे म्हणायचे. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गिरण्या बंद पडल्या. रस्त्यात गोळीची भीती, घरात पीठ संपायची भीती. मीही भेदरलो होतो.

गिरणी पुन्हा सुरू झाली तो सोमवार. संध्याकाळी कसाबसा वर आलो आणि दारातच खाली बसलो. बायको पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "अवो, संचारबंदीत पोरीला खांद्यावर घेऊन तीन माळे चढलात तुम्ही. तवा नाय लागला दम."

खरंच चढलो होतो. गोळ्यांच्या भीतीत ते ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी दवाखान्याच्या रांगेत मी पहिल्यांदा माणसं नीट बघितली. सगळे आमच्या खात्यातले. साळखात्यातला एक नाही. दारू काय फक्त कापूस पिंजणारेच पितात?

माझी पाळी आली. डॉक्टरने या वेळी एक कागद सरकवला. सही कर म्हणाला, आवार झाडायचं हलकं काम देतो. तो समजत होता मला वाचता येत नाही. मी चौथी शिकलेला. कागदावर लिहिलं होतं की मला लहानपणापासून दमा आहे, माझ्या बापालाही होता, गिरणीचा त्याच्याशी संबंध नाही.

माझा बाप माझगावच्या गोदीत पोती वाहायचा. तापाने गेला. धाप त्याला कधी लागली नाही. आता मेल्यावर त्याला हे आजारी पाडत होते.

काम गेलं तर पोरगी काय खाईल, हेच डोळ्यांपुढे. शब्दाशब्दाला थांबत बोललो.

"दमा माझ्या बापाचा नाही, डॉक्टरसाहेब. नळी लावा. ऐका. मग लिहा."

त्याने नळी उचलली नाही. "नोकरी नको झालीय का?" एवढंच विचारलं. मी कागद परत सरकवला. या वेळी रांग हसली नाही.

बाहेर येऊन भिंतीला धरून उभा राहिलो. भीती तशीच होती, छातीही तशीच. पण एक ठरलं. दर सोमवारी याच रांगेत उभा राहीन, आणि मागच्या प्रत्येकाला त्याच्यापुढे सरकवलेला कागद वाचून दाखवीन. माझ्या छातीला नळी लागल्याशिवाय कुठल्याही कागदावर माझी सही होणार नाही.