पास्कलभाऊंना न लागलेलं तेल

किळस आली आहे. श्रद्धांजली नंतर, आधी ही किळस लिहितो.

काल दुपारी पास्कलभाऊ गेले. बल्लारपूरचे, रेल्वेतले रिटायर्ड फिटर, पक्के कॅथलिक. मी संस्कृत शिकलेला वार्ताहर. त्यामुळे वाद ठरलेला.

"तुमचे संस्कार सातच? आमचे सोळा," मी म्हणायचो.

"त्यातले तुह्ये किती झाले?"

बारसं, मुंज, लग्न. भाऊ पोट धरून हसायचे.

"तुमचा शेवटला मेल्यावर करते. आमचे साती जित्या माणसाचे. मेल्यावर काई भेटत नाई."

आजाऱ्याच्या कपाळाला नि तळहातांना फादर तेल लावतात, तो त्यातलाच एक. त्यासाठी पोंभुर्ण्याकडच्या खेड्यांत भाऊ फादरना मोपेडवर नेत. फादर दिसले की घरात रडारड, आता माणूस जाणार म्हणून.

भाऊ दारातूनच ओरडत, "अरे, न्याले नाई आलो! तेल लावाले आलो. रडून काऊन राह्यले?"

परवा तेच भाऊ दवाखान्यात, नाकात नळी.

"फादरले फोन लाव. मले कन्फेशन कराचं हाये."

मोठा मुलगा हसला. "पप्पा, तुम्हाले काय झालं? दोन दिवसांत डिस्चार्ज."

बाहेर येऊन मला म्हणाला, "काका, फादर आले की पप्पा हिंमत सोडतील."

भाऊंच्याच घरात. हीच समजूत!

काल सकाळी भाऊंनी माझा हात धरला. "तू तरी लाव बे फोन."

नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. "लावतो," म्हणालो.

लावला नाही. घरचा मामला, मी परधर्माचा. कॉरिडॉरमध्ये चहा पीत उभा राहिलो.

भाऊ गेले, आणि मग मुलाचा फोन बरोबर लागला. अर्ध्या तासात फादर आले.

"फादर, तेवढं तेल लावून द्या. नातेवाईक व्हिडिओवर आहेत."

फादरनी डबी खिशातून काढलीच नाही. "बेटा, हे जिवंत माणसासाठी असतं. मी प्रार्थना करतो."

"मग लोकांना काय सांगू?"

लोकांना!

आज सकाळी मुलाचा मेसेज. 'काका, पेपरात टाका: सर्व धर्मसंस्कार स्वीकारून शांतपणे देवाघरी गेले.'

मी बातमीतून ती ओळ काढून टाकली. खरी ओळ छापायला मात्र हात धजला नाही. इथे लिहितो.

पास्कलभाऊ शेवटपर्यंत शुद्धीवर होते. दोन दिवस फादर मागत होते. आम्ही बोलावले नाहीत.

आज चार वाजता माती. मी येईन, मागे उभा राहीन.

नमस्कार, भाऊ.