ट्रेलरवर चढलेली जीप

माझा नवरा वेल्डर. घराखालीच त्याचं दुकान, आणि त्यातली निम्मी जागा अडवून बसलेली त्याची जुनी जीप. रविवार उजाडला की ती घेऊन डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटा चढायला जायचं, हे त्याचं वेड. काही मित्र आपल्या गाड्या ट्रेलरवर लादून पायथ्यापर्यंत आणत, त्यांची हा यथेच्छ टर उडवायचा. "गाडी आहे की पेशंट? स्ट्रेचरवरून कशाला आणता?" मला त्या जीपचा भारी राग. "विकून टाक ते धूड," हे माझं रोजचं पालुपद.

आणि एक दिवस याच माणसानं स्वतःच्या हातानं ट्रेलर बनवायला घेतला! मी विचारलं तर म्हणाला, "अगं, डोंगरात अ‍ॅक्सल मोडला तर घरी कसं यायचं? शिवाय डांबरी रस्त्यावर ते टायर उगाच झिजतात." हे शब्दन्‌शब्द लंबूचे. लंबू म्हणजे त्याचा ट्रेलरवाला मित्र. याच मुद्द्यावरून दोघांनी वर्षानुवर्षं हुज्जत घातलेली. मुद्दा बरोबर होता, म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. समोरच्याचं बरोबर आहे म्हणून ऐकणाऱ्यातला माझा नवरा नव्हेच.

पूर्वी तो धुळीनं माखून यायचा आणि ताटातल्या भाताचा डोंगर करून कुठे चाक अडकलं ते दाखवायचा. आता दुकानाच्या पिकअपमागे ट्रेलर ओढत यायचा, शर्टाची इस्त्रीसुद्धा न मोडता, आणि गुपचूप जेवायचा.

एकदा दुकान झाडताना मी जीपखाली वाकले. दारांवर, बॉनेटवर चिखलाचे फराटे आणि पोट मात्र कोरडं ठणठणीत. चाकावरच्या खोबणीत कोळ्याचं जाळं. गाडी चिखलातून गेली तर चिखल खालून उडतो. हा कुणीतरी वरून टाकलेला होता. माझं डोकंच फिरलं.

मी नणंदेला बोलावून दाखवलं.

"वहिनी, दादा तसा नाही गं."

"कळेपर्यंत कुणीच तसं नसतं," मी म्हटलं. "स्कूटर काढ."

ट्रेलरचा पाठलाग करण्यासारखं सोपं काही नाही, प्रत्येक वळणावर तो आपली वाट बघत असल्यासारखा थबकतो. पायथ्याशी मित्रांचे ट्रेलर उभे होते. याची पिकअप तिकडे न वळता ओढ्याकडे वळली. झालं, मी मनात म्हटलं, आता बाई दिसणार. आम्ही झुडपाआड उभ्या राहिलो.

बाई आली नाही. नवरा ट्रेलरवर चढून जीपमध्ये बसला, स्टिअरिंग धरून, बराच वेळ. मग उतरला, ओढ्यातून डबाभर चिखल आणला आणि दारांवर मारायला लागला.

"काय चाललंय हे?" मी ओरडले.

त्याच्या हातातून डबा सुटला. आधी तो काहीबाही बोलला. मग खाली दगडावर बसला. "पावसाळ्यात वरच्या चढावर ब्रेक लागला नाही. जीप मागे घसरत थेट दरीच्या कडेला जाऊन थांबली. तेव्हापासून जीपच्या क्लचवर पाय ठेवला की थरथरतो. इथपर्यंतसुद्धा चालवत आणता येत नाही. मित्रांना सांगितलंय, गाडीत काम निघालंय."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच संतापही आला. बाई असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच विकायला लावली असतीस."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण ओठांवर नेमकं तेच आलं होतं. त्याला ते दिसलं. नणंद ओढ्याकडे बघायला लागली.

"नाही विकायची," मी म्हणाले, अगदी मनापासून. त्यानं नुसती मान हलवली.

हल्ली दुकानात एखादं गिऱ्हाईक जीपभोवती रेंगाळलं, की तो वेल्डिंग थांबवतो, डोळ्यांवरचा मुखवटा वर करतो आणि माझ्याकडे बघतो.